वेदना, गांजा आणि १९८५ चा कायदा

अमली पदार्थांसंबंधीचा कायदा भारतीय संसदेने १९८५ मध्ये संमत केला, तेव्हा गांजा मेंदूवर नेमका कोठे व कसा परिणाम करतो हे निश्चितपणे सांगता येत नव्हते. त्यातील मादक घटक टीएचसी इस्रायलमधील मेशुलम व गाओनी यांनी १९६४ मध्येच शुद्ध स्वरूपात वेगळा केला होता. परंतु मज्जापेशींवरील ज्या ग्राही प्रथिनांना तो चिकटतो, ती अमेरिकेत सापडली १९८८ मध्ये. शरीर स्वतःच निर्माण करीत असलेले तशाच गुणाचे द्रव्य १९९२ मध्ये हाती आले आणि त्याला संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदमाइड’ असे नाव मिळाले. नाव तेवढे आपल्याकडचे!

वेदनेचा संदेश एका मज्जापेशीकडून दुसरीकडे रासायनिक द्रव्यांच्या द्वारे जातो. संदेशांचा भडिमार झाला की तो घेणारी पेशी आनंदमाइडसारखी द्रव्ये तयार करते. ती उलट दिशेने जाऊन संदेश पाठविणाऱ्या पेशीच्या टोकावरील ग्राहींना भिडतात आणि पुढील संदेश मंदावतो. माल अतोनात येऊ लागल्यावर गिऱ्हाइकाने पेढीला पुरवठा आवरण्याचा निरोप धाडावा, तसाच हा प्रकार. मध्यमेंदूत हीच द्रव्ये वेदनाशमनाच्या मार्गावरील अटकाव दूर करतात व तेथून मज्जारज्जूकडे वेदना दाबण्याची आज्ञा सुटते.

शरीराचे द्रव्य हवे तेथे व हवे तेवढेच निर्माण होते. टीएचसी हा विवेक पाळत नाही. स्मृती व हालचाली यांच्या केंद्रांतील ग्राहींनाही ते पकडते. श्वसनाचे नियमन करणाऱ्या भागात हे ग्राही विरळ असल्याने मॉर्फिनप्रमाणे श्वास थांबण्याची भीती अल्प, हे खरे; तथापि दीर्घकालीन वेदनेत चाचण्यांत दिसलेला आराम माफकच आहे. तेव्हा गांजाची थोरवी गाणाऱ्यांनीही सबुरी राखावी.

कायद्याने मात्र फुले व राळ निषिद्ध ठरविली आणि नुसती पाने वगळली. भांग सुटली, गांजा अडकला. ही विभागणी औषधशास्त्राने केलेली नव्हे. याच कायद्यातील परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिनही अडकले आणि कर्करुग्णांनी जवळजवळ तीन दशके यातना सोसल्या. सुधारणा झाली ती २०१४ मध्ये. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वाधिक कडक निर्बंधांच्या यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिले. वैद्यकीय व वैज्ञानिक उपयोगाला देशी कायद्यातही परवान्याने वाव आहेच. परंतु नैसर्गिक वनस्पतीवर पेटंट मिळत नाही. तिच्या चाचण्यांचा खर्च खासगी कंपन्या आपण होऊन उचलतील, ही अपेक्षा भाबडी होय. कोणत्या वेदनेवर, किती मात्रेत, कोणत्या रुग्णास, हे ठरविणाऱ्या चाचण्या सरकारी तिजोरीतून सरकारी रुग्णालयांतच व्हावयास हव्यात.