जिला शिकवलं, तिच्याकडून शिका



भालकीच्या एका नवविवाहित जोडप्यानं विचारलं, "अण्णा, नवराबायकोनं मिळून योगासनं केली तर विश्वास वाढतो म्हणतात. आपण करावीत का?"

मला पुण्याचे योगगुरू बी.के.एस. अय्यंगार आठवले. मूळचे आपल्या कर्नाटकातलेच. १९४३ साली त्यांचं लग्न झालं. पत्नी रमामणी त्यांच्याकडून योग शिकल्या आणि पुढे त्यांच्याच सरावात त्यांना मदत करू लागल्या. १९७३ साली त्या वारल्या. १९७५ साली पुण्यात उघडलेल्या संस्थेला अय्यंगारांनी त्यांचंच नाव दिलं.

माझ्या मते इथं जवळीक नुसत्या आसनांनी येत नाही. जिला शिकवलं तिचीच मदत घ्यायला नम्रता लागते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार सांगतो, तसाच पतीच्या शरीरावर पत्नीचाही सांगतो. दुसरी बाजू आपण सोयीनं विसरतो.

व्यायाम म्हणून आसनं खुशाल करा. मंत्र म्हणायला मन कचरत असेल तर म्हणू नका. पण बायकोनं चूक दाखवताच आवाज चढत असेल, तर एका चटईवर बसून काय उपयोग? आज रात्री कौटुंबिक प्रार्थनेआधी तिला विचारा, "माझं काय चुकतं?" आणि मधे न बोलता ऐका.

प्रभू तुमचं घर आशीर्वादित करो. आमेन.