रंगाआधी पाणी

'शोभेचे मासे' हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की ही शोभा कोणाची, असा प्रश्न आपणांस पडत नाही. ती माशाची नसते, दिवाणखान्याची असते. घरच्या लहान काचपेटीसाठी मासे निवडताना आपण दुकानात साडीचा पोत पाहावा तसे उभे राहतो: दोन लाल, दोन निळे, एखादा पिवळा. या निवडीस आमचा विरोध आहे.

आधी पेटीचे माप पाहावे. १८ इंच लांब, १० इंच रुंद व १२ इंच उंच पेटीत हिशेबाने ३५ लिटर पाणी मावते; वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जाता ते ३० लिटरांच्या आतच राहते. वीतभर वाढणारा गोल्डफिश इथेच बाद होतो. निऑन टेट्रा जेमतेम दीड इंचाचा, पण तो मूळचा ॲमेझॉनच्या मृदू पाण्यातला आणि थव्याने राहणारा. विंधणविहिरीच्या जड पाण्यात त्याची निळी रेघ फार दिवस टिकत नाही. फायटर अर्थात बेट्टा एकटाच ठेवावा. त्याचे थाई नाव 'प्ला कात', म्हणजे चावरा मासा. तो हवेतूनही श्वास घेतो म्हणून त्याला टेबलावरच्या वाडग्यात कोंडणे मात्र निव्वळ क्रौर्य आहे.

गप्पीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' या सरकारी भिंतलेखनामुळे महाराष्ट्रात हा मासा डासांचा शत्रू म्हणून ठाऊक. त्याच्या रंगाकडे लक्ष गेले ते नंतर. हा रंग नराचाच, मादी करडी. जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी त्रिनिदादच्या ओढ्यांत प्रयोग केला. भक्षकांच्या पाण्यातले गप्पी त्यांनी जिथे तसे भक्षक नव्हते अशा पाण्यात सोडले आणि दोनच वर्षांत नरांचे ठिपके वाढले, ठळक झाले. १९८० साली प्रसिद्ध झालेला हा निबंध साहित्याच्या विद्यार्थ्यानेही वाचावा असा आहे. रंग हा इथे अलंकार नाही, ते मादीला उद्देशून केलेले विधान आहे आणि ते करण्यात जिवाचा धोका आहे. (अलंकार काव्याला बाहेरून जडतो की आतून येतो, हा आपला जुना वाद इथे आठवल्यावाचून राहत नाही.) व्यवहाराची गोष्ट एवढीच, की मादी साधारण महिन्याला पिले देते, तेव्हा लहान पेटीत पाच-सहा नरच ठेवावेत.

याच्या उलट टोकाला रंगवलेले मासे. काचेसारख्या पारदर्शक माशाला सुईने रंग टोचून तो 'डिस्को' म्हणून विकला जातो. काही महिन्यांत तो रंग विरतो, मासा त्याआधी मेला नाही तर. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ सालच्या गंगेतील माशांवरील ग्रंथात या माशाला 'रंगा' असे नाव दिले, हा दैवदुर्विलास. दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. मागणी आपली आहे. ती थांबली की सुईही थांबेल.

त्याच हॅमिल्टन यांनी वर्णिलेला 'चूना', म्हणजे हनी गोरामी, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. दोन इंचांचा, शांत, लहान पेटीस योग्य. दुकानाच्या उघड्या उजेडात तो फिकट राखी दिसतो, म्हणून गिऱ्हाईक त्याला ओलांडून पुढे जाते. आमचे मत त्यालाच आहे. पेटी भरून चार-सहा आठवडे पाणी मुरू द्यावे, म्हणजे विष्ठेतल्या अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू वाळूत रुजतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवावे, वर तरंगती वनस्पती सोडावी, मग एक जोडी आणावी. विणीच्या दिवसांत नर मधाच्या रंगाचा होतो आणि त्याचा गळा काळाभोर पडतो.