पार्टी, वर्गणी आणि शिल्लक

देशातील कुटुंबांची बचत घटत चालली आहे असे रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीवरून दिसून आले, की त्याचा दोष कोणाच्या माथी मारायचा याचा निर्णय आपल्याकडे फार झटपट होतो. तरुण पिढी उधळी झाली आहे, हा निकाल लग्नाच्या पंगतीत, शिक्षकांच्या खोलीत आणि लोकलच्या डब्यात कोणताही पुरावा न मागता दिला जातो. आकडे चिंताजनक आहेत यात शंका नाही. २०२२-२३ या वर्षी कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास राहिली. सुमारे पाच दशकांतील हा नीचांक होता. महामारीच्या २०२०-२१ या वर्षी हेच प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेले होते; अर्थात, तेव्हा दुकाने बंद असल्याने सक्तीनेच काटकसर झाली. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची वार्षिक वित्तीय देणी मात्र ५.८ टक्क्यांपर्यंत चढली. लोक बचत करीत नाहीत असे नसून, घर आणि वाहन यांसाठी कर्ज काढून ते मालमत्ता उभी करीत आहेत, असा खुलासा केंद्रीय अर्थखात्याने सप्टेंबर २०२३ मध्ये केला. तो अगदीच निराधार नव्हे. परंतु दोनच महिन्यांनी रिझर्व्ह बँकेने तारणाविना दिल्या जाणाऱ्या ग्राहक-कर्जांवरील जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला. सारीच कर्जे घराच्या विटांत जात असती, तर या उपायाची गरज भासली नसती.

या आकड्यांत माणसाचे वय कोठेही नोंदलेले नसते. खर्च पंचविशीतील मुलाने केला की पन्नाशीतील गृहस्थाने, हे त्यावरून कळत नाही. तरीही तरुणांपुढील प्रश्न अधिक बिकट आहे, आणि तो उधळेपणाचा नाही. पहिल्या नोकरीच्या मिळकतीतून चार पैसे मागे टाकायचे आणि तरीही चार माणसांत राहायचे, या दोन गोष्टी एकाच वेळी साधेनाशा झाल्या आहेत. जो बचत करतो तो हळूहळू मित्रमंडळींतून गळतो. जो मंडळींत टिकतो त्याच्या खात्यावर महिनाअखेरीस काही उरत नाही.

उदाहरण आपल्या घरचेच घेऊ. राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी ठराविक मानधनावर काम करावयाचे, असे तिचे स्वरूप. प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक स्तरांवर हे मानधन अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० रुपये असे कित्येक वर्षे गोठलेले होते. १ जानेवारी २०२३ पासून ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. वाढ स्वागतार्ह होती. पण १६,००० रुपयांत परजिल्ह्यात राहणाऱ्या एकट्या तरुणाचा हिशेब मांडून पाहावा. खोलीभाडे आणि मेस यांवर समजा ७,००० गेले, गावी आईवडिलांना ३,००० पाठविले, प्रवास, फोन, औषधपाणी यांत २,००० संपले. हाती ४,००० राहिले. या चार हजारांवर शाळेतील निरोपसमारंभाची वर्गणी, सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाचा आहेर, गणपती मंडळाची पावती, जुन्या वर्गमित्रांचे स्नेहसंमेलन आणि महिन्यातून दोनदा हॉटेलचे बिल, एवढ्यांचा हक्क असतो. यांपैकी एकाही खर्चाला सरसकट चैन म्हणता येणार नाही. 'आहेर आणू नये' असे पत्रिकेवर छापलेले असले, तरी हात हलवीत कोण जातो?

कोणी म्हणेल, परवडत नाही तर जाऊ नये. हा सल्ला देणे सोपे आहे. आपल्याकडे मनुष्यसंग्रह हीदेखील एक शिल्लकच असते आणि अडीअडचणीला ती बँकेतल्या शिलकीच्या आधी उपयोगी पडते. रात्री दोन वाजता दवाखान्यात कोण येते? रिकाम्या जागेची बातमी कोण सांगते? पगारदारांच्या पतसंस्थेतून कर्ज काढावयाचे झाले तर दोन सहकाऱ्यांच्या जामिनाच्या सह्या लागतात. ज्याने तीन वर्षांत कोणाबरोबर कपभर चहा घेतला नाही, त्याच्या अर्जावर सही करण्यास कोण पुढे येणार? तेव्हा माणसे तोडून साठविलेला पैसा हा खऱ्या अर्थाने नफा आहे की तोटा, याचा हिशेब वाटतो तितका सरळ नाही.

मागल्या पिढीने काटकसर केली आणि घरे बांधली, हा दाखला नेहमी दिला जातो. तो खोटा नाही, परंतु अपुरा आहे. १९७४ साली महागाईचा दर २५ टक्क्यांच्या वर गेला, तेव्हा केंद्र सरकारने कायदा करून नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्यातील निम्मी रक्कम आणि वाढीव वेतन सक्तीच्या ठेवीत घातले. त्या बचतीत सद्गुणाचा वाटा किती आणि सरकारी कात्रीचा किती, हे त्या पिढीनेच प्रामाणिकपणे सांगावे. पुढे १९८६ ते २००० या काळात सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर १२ टक्के व्याज मिळत होते. १९८८ साली निघालेले किसान विकासपत्र साडेपाच वर्षांत दामदुप्पट होत असे. भविष्यनिर्वाह निधीचा तो दर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आला. या दराने रक्कम दुप्पट व्हावयास सुमारे दहा वर्षे लागतात. त्या काळी महागाईही चढी असल्याने खरा लाभ दिसतो तेवढा नव्हता, हे मान्य. पण पाठीशी निवृत्तिवेतन होते! राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना सर्वसाधारणपणे जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. मार्च २०२३ मधील कर्मचाऱ्यांचा संप याच प्रश्नावर झाला. म्हातारपणाची सोय स्वतः करण्याची गरज वाढली आणि ती करण्याचे बळ घटले, अशा पेचात आजचा तरुण उभा आहे.

आणि मागल्या पिढीच्या काटकसरीला आणखी एक साह्य होते, ज्याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. खर्च करावयाला जागाच थोड्या होत्या. बढती मिळाली की कचेरीत पेढे वाटले जात. पाव किलो पेढ्यांत टेबलाटेबलावरचा आनंद भागत असे, आणि पेढा अर्धा मोडून घेतला तरी कोणाचा मान जात नसे. आज पेढ्यांची जागा 'पार्टी कधी?' या प्रश्नाने घेतली आहे. वाढदिवस, बढती, नवी गाडी, साखरपुडा, कशाचेही निमित्त पुरते, आणि उत्तर एखाद्या हॉटेलच्या टेबलावरच द्यावे लागते. त्यातून वाट काढण्यासाठी महाविद्यालयीन मुलांनी 'टीटीएमएम', म्हणजे 'तुझे तू, माझे मी', हा अस्सल मराठी करार शोधून काढला. तो मूळ अर्थाने पाळला गेला तर उत्तमच. प्रत्यक्षात मात्र बहुधा 'काँट्री' निघते: एकूण बिल भागिले माणसे. पदार्थ ठरवितो तो गटातला सर्वांत अधिक मिळविणारा, आणि त्याने ठरविलेल्या किमतीचा समान हिस्सा भरतो तो सर्वांत कमी मिळविणारा. चाळीस हजार मिळविणाऱ्याचे सहाशे रुपये आणि सोळा हजार मिळविणाऱ्याचे सहाशे रुपये, यांना समान कोणत्या न्यायाने म्हणावयाचे?

हातातल्या फोनने हा पेच अधिक घट्ट केला. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेवरील व्यवहारांची संख्या ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला एक हजार कोटींच्या पुढे गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार कोटींच्या. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण पाकिटातील नोट मोडताना हाताला होणारी जाणीव तिने नाहीशी केली. त्याहूनही सूक्ष्म अशी एक गोष्ट गेली. 'सुटे नाहीत', 'पाकीट घरी राहिले' या दोन सभ्य सबबींच्या आडोशाने गरीब मित्र आपली अब्रू राखीत असे. आता वर्गणीचा चौकोन भिंतीवर चिकटविलेला असतो आणि फोन खिशात आहे हे सर्वांना दिसते. त्याच फोनवर, खाते रिकामे झाले की, कर्जही तत्काळ देऊ केले जाते. क्रेडिट कार्डावरील थकलेल्या रकमेवर अनेक ठिकाणी महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागते. वर्षाचे ते ४२ टक्के होतात. ३० टक्क्यांवरील आकारणी ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला. सावकाराच्या व्याजाविषयी आपल्या साहित्यात एवढे अश्रू ढाळले गेले. या व्याजाविषयी एखादी कथा आलेली निदान आमच्या तरी वाचनात नाही.

वस्तुतः बचत आणि सोबत यांचे वैर आपल्या परंपरेत नव्हते. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत राहात, भाड्याचा वाटा उचलीत, परिसरातल्या बायका चालवीत असलेल्या खानावळीत जेवीत आणि उरलेला पैसा मनिऑर्डरने गावी पाठवीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच खानावळवाल्या स्त्रियांसाठी. त्या जीवनाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पाळीपाळीने अंथरूण वापरणाऱ्या माणसांना विचारले असते, तर त्यांनी एकांताचीच मागणी केली असती. पण तेथे बचत ही लपवून करण्याची गोष्ट नव्हती. प्रत्येकाला गावी पैसे धाडावयाचे आहेत हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून 'मला जमणार नाही' या वाक्याला खुलासा लागत नसे. भिशीचेही तेच. बारा जणांनी महिन्याला हजार-हजार रुपये घालावयाचे, चिठ्ठी निघेल त्याने बारा हजार घ्यावयाचे, आणि त्या निमित्ताने कोणाच्या तरी घरी पोहे खावयाचे. बैठक आणि बचत एकच. अर्थात नोंदणी नसलेल्या भिशीत चालक पळाला तर दाद मागणे अवघड जाते. १९८२ चा चिट फंड कायदा अशाच व्यवहारांना शिस्त लावण्यासाठी झाला. तेव्हा फोनवरील अनोळखी गटात भिशी लावणे हा मूर्खपणाच होय. ओळखीचे बारा जण असतील तरच तिचा विचार करावा.

आज घडले आहे ते असे, की खर्च चारचौघांत होतो आणि बचत एकट्याने, चोरून करावी लागते. पगाराचा आकडा गुप्त, कर्जाचा हप्ता गुप्त, शिल्लक गुप्त; उघड तेवढे हॉटेलातले छायाचित्र. त्यामुळे प्रत्येकाला वाटते की अडचण आपल्या एकट्याचीच आहे. 'या महिन्यात माझ्याजवळ पाचशेच आहेत' हे वाक्य मित्रांत प्रथम जो उच्चारील, त्याला क्षणभर संकोच वाटेल. पण टेबलावरील आणखी दोघांना हायसे वाटेल, असा आमचा अंदाज आहे. गटाचा बेत सर्वांत कमी मिळकत असलेल्याच्या ऐपतीवर बेतावा, हा संकेत घालून देणे अवघड नाही. बाकीचे व्यवहाराचे भाग आहेत. पोस्टातील पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचा ६.७ टक्के हा दर धरला, तर महिन्याला ५०० रुपये टाकल्यास ३०,००० चे सुमारे ३५,६८० होतात. रक्कम डोळे दिपविणारी नाही, आणि महागाई तिच्यातून आपला वाटा उचलणारच. मात्र पगाराच्या दुसऱ्या दिवशी ती बाजूला गेली पाहिजे. पतसंस्थेच्या कपातीचे सारे यश त्या एका युक्तीत आहे.

हॉटेलात न जाता भेटावयाचे कोठे, हा प्रश्न राहतोच. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात १९६७ साली झाला आणि आज अकरा-बारा हजार अनुदानित ग्रंथालये कागदोपत्री आहेत. परंतु नोकरी करणाऱ्या माणसाला सवड मिळते त्या रात्रीच्या वेळी त्यांतली कितीशी उघडी असतात? बागा वेळेवर बंद होतात. गृहनिर्माण संस्थांच्या कट्ट्यांवर 'येथे बसू नये' अशा पाट्या लागल्या आहेत. काही ठिकाणी तर खिळ्यांच्या पट्ट्या ठोकल्या आहेत. संध्याकाळी फुकट बसता येईल अशी जागा शहरात उरू नये आणि वर मुलांनी हॉटेलात पैसे घालविले म्हणून खेद व्यक्त करावा, हे तर्काला धरून नाही.

यात वडीलधाऱ्यांच्या हाती असलेली एक गोष्ट अगदी जवळची आहे. आपल्या शाळा-कचेऱ्यांतील कितीतरी ज्येष्ठांची जन्मतारीख, त्या काळच्या हेडमास्तरांच्या कृपेने, एक जून आहे. त्यामुळे ३१ मे जवळ आली की निरोपसमारंभांची रांग लागते आणि वर्गणीचा कागद फिरू लागतो. सर्वांत वर मुख्याध्यापक किंवा मुख्य लिपिक आपल्या नावापुढे पाचशेचा आकडा घालतात. मग तोच आकडा एकेका नावापुढे उतरत जातो आणि शेवटच्या ओळीतील शिक्षणसेवकही तोच लिहितो. वर्गणी पगाराच्या प्रमाणात, असे त्या कागदाच्या डोक्यावर कोणीतरी आधीच लिहून ठेवावयास हवे, आणि ते लिहिण्याचा अधिकार शेवटच्या ओळीतल्या माणसाला नाही.