तिरप्या उन्हातला वीरगळ

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, पाऊल टाकले की आधी मान वर करावी. मंडपाच्या छताला दगडी कमळ उलटे लोंबते आहे. पाकळ्या 72, भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांच्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांसाठी, असे सांगतात. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचिराज या मंत्र्याने 1204 साली ही बसदी उभारली. उभ्याने फोटो घेतला तर कमळ कलते, म्हणून जाणकार फरशीवर सरळ उताणे होतात. फ्लॅश मात्र मारत नाहीत. त्याने पाकळ्यांमधला अंधारच पुसला जातो, आणि कारागिराने छिन्नीने खोदला होता तो अंधारच.

जेम्स बर्जेस यांनी 1874 च्या जानेवारी ते मे या काळात बेळगाव आणि कलादगी जिल्हे पालथे घातले. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचा तो पहिला मोसम, आणि अहवालाला छायाचित्रेही जोडली होती. तेव्हा काचेच्या जड प्लेटा सांभाळत फिरावे लागे. आज खिशातल्या मोबाइलवर तेच काम होते. धीर मात्र तेवढाच लागतो.

खानापूर तालुक्यातले हलशी, म्हणजे कदंबांची पलाशिका, बेळगाव जिल्ह्यातलेच. तिथल्या भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय आत कॅमेरा उचलू नये.

पण सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांना. बेळगावपासून निपाणीपर्यंत कुठे पाराखाली, कुठे देवळाच्या आवारात हे दगड उभे दिसतात. तळच्या पट्टीत झुंज, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगापुढे हात जोडलेला वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. शेजारी बांगड्या भरलेला काटकोनातला हात दिसला तर तो सतीचा दगड. भर दुपारी गेलात तर यातले काहीच दिसत नाही. दगड नुसता सपाट. सकाळी ऊन बाजूने आले की ढालीची कड उठते, घोड्याचा पाय सुटा होतो. ऊन नसेल तर बॅटरी दगडाला लागून आडवी धरावी. अक्षरे वाचायला खडू किंवा चुना घासतात, ते अगदी चूक: दगड झिजतो आणि पांढरा थर खाचांत बसतो.

जीर्णोद्धारात अनेक वीरगळांवर ऑइलपेंट चढतो. लोक ते भक्तीनेच करतात, पण रंगाखाली वीराचा चेहरा बुजतो तो बुजतोच. म्हणून रंगाचा डबा गावात येण्याआधी फोटो हवा: समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, शेजारी मापाची पट्टी ठेवून. आणि गावाचे नाव, तारीख, दगडाचे तोंड कोणत्या दिशेला, हे वहीत त्याच जागी उभ्या-उभ्या लिहिलेले.