जुनी मोटार आणि घरचे हात

'जुने ते सोने' ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तथापि ज्यांच्या दारी जुनी मोटार उभी आहे, त्यांना या म्हणीचा फारसा आधार वाटत नाही. सोन्याला गंज चढत नाही; मोटारीच्या पत्र्याला तो दर पावसाळ्यात चढतो. उलटपक्षी, 'जुने झाले की भंगारात द्यावे' हे जे नवे शहाणपण सर्वत्र ऐकू येते, तेही आम्हांला पटत नाही. वस्तू जुनी झाली म्हणजे ती निरुपयोगी झालीच असे नव्हे. पुष्कळदा तिच्याकडे केवळ दुर्लक्ष झालेले असते. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे, आणि तो कष्टाचा आहे. घरच्या माणसांनी ती वस्तू आपल्या हातांनी उघडून समजून घ्यावी, शक्य तेवढी दुरुस्त करावी, आणि ती ठेवावी की सोडावी हा निर्णय त्या ज्ञानाच्या आधारे करावा, असे आमचे मत आहे.

हा विषय सुचण्यास निमित्त आमच्याच घरी घडले. वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आजही भोपाळात आमच्या दारी उभी आहे. खासगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ती मुदत पुन्हा जवळ आली, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "अहो, वडील गेले, आता गाडीलाही निरोप द्या. किती दिवस तेल पाजणार?" सल्ला प्रेमाचा होता आणि त्यात व्यवहारही होता. म्हणूनच त्याचे उत्तर विचारपूर्वक दिले पाहिजे, असे आम्हांस वाटले.

ही मोटार कोणत्या काळाची हे तरुण वाचकांना सांगितले पाहिजे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली व मुंबईच्या कुर्ला भागात तिचा कारखाना उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीच्या '११००' या नमुन्यावरून तेथे ज्या मोटारी तयार होत, त्यांचेच पुढे 'पद्मिनी' असे नामकरण झाले. या शतकाच्या प्रारंभी त्यांचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतूनही पद्मिनी २०२३ साली निवृत्त झाली. त्या काळी मोटार हवी असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जी वस्तू एवढ्या प्रतीक्षेने घरात आली, ती किरकोळ बिघाडासाठी कोणी टाकून देत नसे.

दुसरेही एक कारण होते. ती मोटार उघडून पाहता येत असे. बोनेट उचलले की १०८९ घनसेंटिमीटरचे ते चार सिलिंडरांचे इंजिन समोर दिसे. कार्ब्युरेटर कोठे, डिस्ट्रिब्युटर कोठे, पेट्रोलचा पंप कोठे, हे बोटाने दाखविता येई. आजच्या मोटारी अधिक सुरक्षित आहेत, त्यांचा धूरही कमी आहे, यात शंका नाही. पण त्यांचे बरेचसे काम संगणकाच्या स्वाधीन असल्यामुळे घरच्या माणसाला तेथे हात घालण्यास फारसा वाव उरलेला नाही.

आमच्या शहराचा इतिहासही येथे आठवतो. १९५६ साली भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि जुन्या राज्याच्या नागपूर या राजधानीतून अनेक मराठी कुटुंबे सरकारी दप्तरांबरोबर येथे आली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली व तिचा कारखाना भोपाळात उभा राहिला. पुढे १९७४ साली ती 'भेल' मध्ये विलीन झाली. प्रचंड ट्रान्सफॉर्मर आणि जलविद्युत केंद्रांची यंत्रे घडविणाऱ्या त्या कारखान्यात आमचे वडील फिटर होते. दिवसभर यंत्राशी झुंजून आलेला हा माणूस रविवारी सकाळी पुन्हा पाना हाती घेई. आसपासच्या क्वार्टरांतही थोड्याफार फरकाने हेच दृश्य असे. कोणी स्कूटरचे प्लग साफ करीत आहे, कोणी मोटारीखाली पाठ टेकून पडला आहे, आणि भोवती मुले रॉकेलच्या डब्यात नटबोल्ट धूत बसली आहेत. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. आज त्याच वस्त्यांतील मुले अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांत चमकतात, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्यांच्यापैकी कित्येकांनी प्लग खोलण्याचा पानाही कधी हाती धरलेला नाही, याची खंतही वाटते.

घरी यंत्र उघडल्याने पैसा वाचतो, हा लाभ आम्ही दुय्यम मानतो. मुख्य लाभ असा, की तेथे माणूस अंदाज आणि ज्ञान यांतील भेद शिकतो. एका उन्हाळ्यात आमची मोटार श्यामला हिल्सचा चढ चढताना वारंवार बंद पडू लागली. गार झाली की चाले, तापली की पुन्हा थांबे. ऐन मे महिना होता. उन्हाने पंपातच पेट्रोलची वाफ होते, असे प्रत्येकाने सांगितले, आणि आम्हीही जुन्या वहिवाटीप्रमाणे पंपावर ओले फडके गुंडाळले. गुण आला नाही. मग पंप बदलला, कार्ब्युरेटर साफ केला; पैसे गेले, खोड कायम राहिली.

वडिलांनी मोटारीची एक वही ठेवली होती. कोणत्या दिवशी काय बिघडले, काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, एवढेच तीत पेन्सिलीने लिहिलेले. नववीत शिकणाऱ्या आमच्या कन्येने ती पुढे चालवावयास घेतली होती. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, आपण प्रत्येक वेळी पेट्रोलच तपासलं. गाडी बंद पडल्यावर ठिणगी पडते का, हे एकदाही पाहिलेलं नाही. वहीत तशी नोंदच नाही." आम्ही निरुत्तर झालो. आमच्या ओळखीचे एक वृद्ध कारागीर आहेत. भोपाळी रिवाजाप्रमाणे सारे त्यांना 'उस्ताद' म्हणतात. त्यांनी मोटार तापवून, बंद पडू देऊन, तिच्यासमोर ठिणगीची परीक्षा केली. ठिणगी क्षीण व पिवळसर होती. डिस्ट्रिब्युटरमधील कंडेन्सर हा लहानसा भाग उष्णतेने निकामी होत होता. थोड्याशा रुपयांत तो बदलला आणि तो उन्हाळा सुखात गेला.

शाळेत आपण विद्युत्प्रवर्तनाचा पाठ वाचतो. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडले की कॉइलच्या पहिल्या गुंडाळीतील प्रवाह एकाएकी तुटतो, त्यामुळे दुसऱ्या गुंडाळीत फार मोठा विद्युत्दाब निर्माण होतो आणि प्लगवर ठिणगी पडते. प्रवाह स्वच्छपणे तुटावा म्हणून कंडेन्सर लागतो. हा पाठ कन्येने परीक्षेसाठी पाठ केलाच होता. त्या दिवशी तो तिला कळला. आणि आम्हांला कळले ते असे, की दहा जणांनी सांगितलेले कारण हे तपासून पाहिलेले कारण नव्हे. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. पाना हा केवळ मुलांच्या हातात देण्याची वस्तू आहे, असा समज अजूनही अनेक सुशिक्षित घरांत आहे. तो सोडून दिला पाहिजे.

दुरुस्तीप्रमाणेच जीर्णोद्धाराचीही शिकवण आहे. दोन वर्षांपूर्वी मोटारीला नवा रंग द्यावा असे आम्ही ठरविले. दारांच्या खालच्या कडांना आतून गंज धरला होता. वर पुटीन भरून रंग मारला असता तर कोणाला दिसलाही नसता. उस्तादांनी साफ नकार दिला. "आधी सगळे खरवडा, कुजलेले किती आहे ते पाहा, मग रंगाचे बोला," असे ते म्हणाले. चार रविवार आम्ही सर्वांनी पॉलिशपेपरने पत्रा घासला. जेथे पत्रा शाबूत होता तेथे तो राखला. जेथे चाळणी झाली होती तेवढाच तुकडा कापून नवा जोडून घेतला. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सनदेतही हेच तत्त्व आहे, असे आम्हांला पुढे समजले. जुने जेवढे टिकविता येईल तेवढे टिकवावे, आणि जे बदलले ते लपवू नये, असा तिचा आशय आहे.

आता आक्षेपांकडे वळू. जुनी मोटार अधिक धूर सोडते, हा आक्षेप खरा आहे. इंजिन कितीही नीट ठेवले तरी आजच्या मोटारीइतके ते स्वच्छ होणार नाही. म्हणून तिचा रोजचा वापर करू नये, प्रदूषणाची तपासणी वेळेवर व प्रामाणिकपणे करून घ्यावी, आणि निळा धूर दिसू लागल्यास काम पुरे होईपर्यंत ती रस्त्यावर आणू नये. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता देशभर मिळते. जुन्या रबरी नळ्यांवर व पंपाच्या पडद्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून ते भाग वरचेवर पाहून बदलले पाहिजेत. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. ब्रेक व स्टिअरिंग ही प्रयोगाची स्थळे नव्हेत. तेथे घरच्या माणसाने पाहावे, शिकावे, परंतु काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे. केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली तर कोणीही, कधीही शिरू नये. खाली भक्कम घोड्या लावल्याच पाहिजेत.

आणि मोटारीचा सांगाडाच कुजला असेल तर? तर ती भंगारात द्यावी. २०२१ साली सरकारने वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले, त्यामागील हेतूशी आमचे भांडण नाही. प्रेमापोटी धोकादायक मोटार रस्त्यावर आणणे म्हणजे दुसऱ्याच्या मुलांचे प्राण आपल्या आठवणींसाठी पणास लावणे होय. आमचे म्हणणे एवढेच, की निकाल वयावरून न लावता तपासून लावावा. त्याच वर्षीच्या नव्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली, ती याच न्यायाने योग्य वाटते.

खरी चिंता निराळीच आहे. उस्तादांची दृष्टी अधू होत चालली आहे. कान लावून व्हॉल्व्हचा आवाज ओळखणारे, फीलर गेजशिवाय पॉइंटमधील फट सांगणारे असे कारागीर भोपाळात आता थोडे उरले आहेत. त्यांच्या मुलांनी दुसरे व्यवसाय धरले, आणि त्यांना दोष कोण देणार? पण हे ज्ञान कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. मोटार गेली तर एक वस्तू गेली. हे ज्ञान गेले तर ते पुन्हा विकत मिळणार नाही. म्हणून आमच्या वहीत आता उस्तादांचे बोलणेही उतरवून घेण्याचे काम सुरू आहे.

आमच्या पद्मिनीचे काय ठरले, हे काकांना सांगणे आहे. तिचा सांगाडा आम्ही उस्तादांकडून तपासून घेतला. तो शाबूत आहे. ब्रेकचे काम करवून तिला तपासणीस नेणार आहोत. उत्तीर्ण झाली तर रविवारी मोठ्या तलावापर्यंत जाईल; न झाली तर तिला निरोप देऊ, आणि वही ठेवू.

विद्यार्थी मित्रांनो, प्रत्येकाच्या घरी जुनी मोटार नसेल. पण सायकल असेल, शिवणयंत्र असेल, आजोबांचे घड्याळ असेल. येत्या सुट्टीत त्यांपैकी एखादी वस्तू जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली उघडा, आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. काय पाहिले, काय केले, काय चुकले, ते तीत लिहा. पुढच्या वर्षीच्या या अंकात त्या वह्यांतील काही पाने वाचावयास मिळाली, तर आम्हांला मोठा आनंद होईल.