भीम म्हंजे काय?

दोस्तहो, शब्दकोश उघडा. भीम : भयंकर, ज्याची भीती वाटावी असा. पंडितांनी हे नाव एका पांडवाला दिलं, हाती गदा दिली आणि पोथी मिटून घेतली. जणू नावाचा सातबारा त्यांच्याच घरात!

पण नाव पोथीत मावलं नाही. भीमाशंकरला उगवते ती नदी भीमा. पंढरपुरात तीच चंद्रभागा. तिच्याच काठी कोरेगाव. तिथल्या रणस्तंभापुढं १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब उभे राहिले. आपल्या सातपुड्यात १८५८ साली खाज्या नाईकाच्या जोडीनं इंग्रजांशी लढला तो भिल्लांचा भीमा नाईक. आणि १८९१ साली महूला भीमाबाईच्या पोटी जन्मला तो भिवा. कामठीच्या बाबू हरदासांनी त्याच्या नावाचा नमस्कार केला. तेव्हापासून कंबर न वाकवता 'जय भीम' म्हणता येतं.

आता पुढचं ऐका. ३० डिसेंबर २०१६ ला दिल्लीच्या सरकारनं पैसे पाठवायच्या ॲपचं नाव ठेवलं भीम. इंग्रजी अक्षरं जुळवली : भारत इंटरफेस फॉर मनी. वर सांगितलं, हा बाबासाहेबांचा सन्मान. बरं. टपरीवर चहाचे दहा रुपये भीमनं जातात. चहावाला घाबरत नाही, सरकार घाबरत नाही, मालक तर मुळीच नाही.

मी जळगावात डाळ मिलमध्ये कट्टे उचलतो. आमचा मुकादम १४ एप्रिलला फोटोला हार घालतो, मोठ्यानं जय भीम म्हणतो. १५ एप्रिलला पाळी बारा तासांची, हजेरीत आठ. चार तास कुठं गेले? विचारलं तर म्हणतो, "तुमच्याच साहेबाचा फोटो लावलाय ना मी!"

म्हंजे नाव आमचं, आणि आमचंच तोंड बंद करायला!

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण झुंडीनं जातो. १९३७ साली बाबासाहेब तिथं थांबले होते. हवा खायला नव्हते आले, धुळ्याच्या कोर्टात काम होतं. आपण सेल्फी काढतो, डीजेपुढं नाचतो, घरी येतो. कोर्टाचा कागद कोणाच्या हातात असतो?

७ नोव्हेंबर १९३८. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत कामगारांचा संप, आणि संपाच्या पुढं बाबासाहेब. त्या दिवशी मालकांना भीमचा अर्थ शब्दकोश न उघडता कळला.

आमच्या मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या एका आजीला मी विचारलं, "भीम म्हंजे काय शे वं माय?" तिनं सुपातून मान वर केली नाही. म्हणाली, "हिसाब मांगणारा."

पोरांनो, या पगाराला हजेरीचं रजिस्टर मागायचंय. एकट्यानं नाही, सगळ्यांनी. आधी जय भीम म्हणायचं, मग हात पुढं करायचा.