वेगळा विदर्भ: लोकानुनय नेमका कुणाचा?



वेगळ्या विदर्भाची मागणी म्हणजे निव्वळ लोकानुनय, हे आपल्या पत्रलेखकाचे मत मला मुळीच मान्य नाही. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्येच स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती; ती टाळ्यांसाठी दिलेली घोषणा नव्हती. तरीही आम्ही महाराष्ट्रात आलो, ते २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराच्या भरवशावर. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा, हे त्यात लिहिलेले आहे. निधीच्या न्याय्य वाटपासाठीच असलेल्या विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा किती नेते बोलले? विदर्भाच्या नावाने मते मागून सत्तेत गप्प बसणे, हा खरा लोकानुनय. मलाही महाराष्ट्र एकसंधच हवा आहे, पण करार पाळणारा. निधीवाटपाचा जिल्हावार हिशेब दरवर्षी विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात मांडला गेलाच पाहिजे.

– एक वाचक, पिपरी मेघे (जि. वर्धा)